चष्मा खिशातच होता

माझी बायको वाचायची फार हळू. येत नव्हतं म्हणून नाही, सातवी झाली होती ती. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे. हळू वाचायचं हे तिला शिकवलेलं होतं. ती दवाखान्यात आया होती आणि तिथे मठातल्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्यांनी शिकवलं. आम्ही पण ख्रिस्तीच, पण आमची मंडळी वेगळी, सिस्टरांची वेगळी. आमच्यातल्या एकदोघींनी तिला टोकलंही. ती म्हणायची, शास्त्र एकच आहे ना, मग वाचायची रीत कुणाची का असेना.

रीत अशी. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, लहानसा तुकडा घ्यायचा. चार ओळी, पाच ओळी, फार तर सहा. एकदा सरळ वाचायचा आणि थांबायचं. पुन्हा वाचायचा, आणखी हळू. पुन्हा थांबायचं. तिसऱ्यांदा वाचून झाला की गप्प बसायचं, आणि त्यातला जो शब्द मनाला लागला असेल तेवढाच मोठ्याने सांगायचा. का लागला ते सांगायचं नाही. दुसऱ्याने विचारायचं नाही, शिकवायला तर अजिबात जायचं नाही. मग त्या शब्दावर प्रार्थना. नंतर दिवसभर तो तोंडात ठेवायचा. खडीसाखरेसारखा, ती म्हणायची, चावून टाकायचा नाही.

रोज सकाळी साडेपाचला, रोडपालीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या फरशीवर चटई टाकून हे चालायचं. ती भिंतीला टेकून, मी समोर मांडी घालून. वीसेक वर्षं चाललं. चहा त्याच्यानंतर. आधी नाही.

यावरून वाटेल की मी मोठा भक्तिमान माणूस. तसलं काही नव्हतं. मी चहाची वाट बघायचो.

माझं काम पाट्यांचं. ट्रकच्या खाली चाकाजवळ वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची चळत असते, गाडीचं सगळं वजन त्याच्यावर, त्याला पाटे म्हणतात. पळस्प्याच्या फाट्यावर शेड होती. आम्ही मूळचे नगरकडचे, पोट भरायला इकडे आलो. शेडची जागा इथल्याच एका आगरी माणसाची, मी त्याला दादूस म्हणायचो. जागा देऊन तो घरी बसला असता तरी चाललं असतं, पण त्याला घरात करमायचं नाही. रोज खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खेचायचा. जासईकडून कंटेनर भरलेले ट्रेलर यायचे, मालक नको तेवढा माल लादायचे, पाटे तुटायचे, आम्ही जगायचो. मन माझं सकाळपासून तिथेच. बायको वाचत असायची आणि मी डोक्यात काल सोडलेली गाडी खोलत असायचो. तिचा आवाज थांबला की कळायचं, आता आपली पाळी.

मग मी काहीतरी बोलायचो. कानावर एखादा शब्द पडलेला असला तर तो. नसला तर तोंडाला येईल तो. शास्त्रात काय असतं? पाणी असतं, भाकर असते, मीठ, दिवा, वाट, मेंढरं. यातलं काहीही ठोकून दिलं की बसतं असा माझा हिशेब. ती "आमेन" म्हणायची, डोळे मिटून प्रार्थना करायची आणि गॅस पेटवायची.

पुढे पुढे तर मी आदल्या दिवशीच शब्द ठरवून ठेवायला लागलो. दादूसला हे माहीत होतं. एकदा पाटे आवळत असताना मला म्हणाला, "काय रं मिस्त्री, उद्याला कंचा शबूद देनार बायकोला?"

"अजून ठरला नाय," मी म्हणलं. त्याच्याशी बोलताना माझंही नाय व्हायचं.

"मंग मासली सांग. लय दिस झाले, तुज्या डब्यात मासलीच नाय. देवाच्या कानावर तरी पडूं दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच सांगितलं, "मासळी." बायको जरा थांबली. मग आमेन म्हणाली. संध्याकाळी घरी गेलो तर ताटात बोंबील, वर कोलीमची, बारीक सुक्या जवळ्याची, चटणी. दादूसला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "शास्त्र चालतं की रं तुजं! उद्याला पापलेट सांग."

आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसलो.

बायकोच्या पोटात गाठ निघाली ती फार उशिरा. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, दुसऱ्यांच्या दुखण्यात आयुष्य गेलं तिचं. मोठ्या दवाखान्यात नेलं. सहा खाटांचा वॉर्ड. पहिले तीन-चार दिवस ती स्वतः वाचायची, पुस्तक छातीवर धरून, ओठ हलवत. मग हातातून पुस्तक पडायला लागलं.

त्या दिवशी सकाळी मी चहा पिऊन वर आलो. तिचे डोळे उघडे होते. म्हणाली, "आज तुम्ही वाचा."

कुठलं वाचू, विचारलं. तिने पान सांगितलं. खूण घातलेलीच होती. त्या संदेष्ट्याची गोष्ट, जो जीव घेऊन रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे झालं, मला ने. तिथेच झोपतो. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो, म्हणतो, ऊठ, खा. बघतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत उठवतो, म्हणतो, खा, तुला लांब जायचंय. एवढंच. सहा ओळी.

मी पान उघडलं. बारीक अक्षर. मला वाचता येतं, पण कसं? पाट्यावर खडूने गाडीचा नंबर लिहिण्यापुरतं. पेपरातला मथळा. जोडाक्षर आलं की मी अडतो, बोट ठेवून एकेक अक्षर उचलावं लागतं, मोठ्याने वाचलं तर शाळेतल्या पोरासारखं होतं. आणि समोरच्या खाटेवर कॉलेजात शिकवणारी एक बाई होती. तिचा नवरा तिला इंग्रजी पेपर वाचून दाखवत होता, फडाफडा. त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, हसले वगैरे नाहीत.

मी पुस्तक मिटलं. बायकोला म्हणलं, "चष्मा घरी राहिला गं."

चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात होता. काडी बाहेर दिसत होती. तिने खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बरं. उद्या वाचा."

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडावर मास्क होता आणि ती शुद्धीत नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली.

माणसं सांगायला येतात, बाबा, तुम्ही तिची फार सेवा केली. केली असेल. भांडी धरली, कूस बदलली, रात्रंदिवस खाली चादर टाकून पडलो. ते सगळं कुणीही केलं असतं, पैसे दिले तर बाई ठेवूनही होतं. तिने माझ्याकडून मागितलं एकच होतं आणि ते मला दोन परक्या माणसांच्या लाजेपायी देता आलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

माती झाली. पाहुणे गेले. लेक आठ दिवस राहिली आणि ती पण खारघरला आपल्या घरी गेली, नोकरी आहे तिची. शेड मी त्याआधीच सोडली होती, गुडघे गेले. सकाळी साडेपाचला जाग यायची ती यायचीच. काही दिवस मी सरळ चहा करून पाहिला. तो कपातच निवायचा. मग एके दिवशी चटई टाकली आणि तिचं पुस्तक घेऊन बसलो. भक्ती आली म्हणून नाही. सकाळचा तो पाऊण तास रिकामा राहिला होता, त्याचं काय करावं कळेना.

उघडलं आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीची अक्षरं दिसली. कडेला, अगदी बारीक. "यांचा: मीठ." पुढच्या पानावर, "यांचा: वाट." "यांचा: दिवा." पान उलटलं की तेच. वीस वर्षं मी जे जे ठोकून दिलं होतं ते सगळं तिने ज्या त्या तुकड्याशेजारी लिहून ठेवलं होतं. मी अंघोळीला गेलो की लिहीत असणार, मी कधी पाहिलं नाही. स्वतःचा शब्द एकही लिहिलेला नव्हता. सगळे "यांचा."

खोटं बोललेलं विसरता येतं, कारण ते हवेत जातं. हे लिहिलेलं होतं, शास्त्राच्या पानावर.

मग मी एकेक तुकडा वाचायला लागलो. वाचणं म्हणजे बोट ठेवून, अक्षर लावून. एका तुकड्याला सकाळ जायची. मला फक्त बघायचं होतं की मी जो शब्द सांगितला तो निदान त्यात आहे का. असला तर तेवढं तरी खरं. पाण्याच्या शेजारी पाणी निघालं. एका मिठाच्या शेजारी मीठ निघालं, मला बरं वाटलं. पाटा बसवण्याआधी आम्ही त्याच्यावर हातोडी मारून बघायचो. धड असला तर टणकन वाजतो, बारीक चीर असली तर बद्द वाजतो, डोळ्याला दिसो न दिसो. तसाच मी एकेक शब्द ठोकत चाललो होतो. बरेचसे टिकले.

एक दिवस ते पान आलं. "यांचा: मासळी."

तुकडा होता तो परक्या मुलखात धरून नेलेल्या लोकांचा. ते नदीकाठी बसून आपलं गाव आठवून रडतात, वाद्यं झाडांना टांगून ठेवतात. पकडून नेणारे म्हणतात, गा की तुमचं एखादं गाणं. ते म्हणतात, कसं गावं? मी नदी वाचली आणि म्हणलं, आहे, इथे पुढे मासळी असणारच. पुढे वाचलं. झाडं आली, वाद्यं आली. मासळी नाही. परत वरून सुरू केलं. चार सकाळी मी त्या एका तुकड्यावर काढल्या, मला वाटायचं माझंच एखादं अक्षर चुकतंय. नव्हतीच. नदी होती, मासळी नव्हती.

आणि ती तर तो तुकडा तीनदा वाचून बसली होती. तिला पाठ असणार. म्हणजे मी "मासळी" म्हणालो त्या क्षणाला तिला कळलं की हा माणूस ऐकत नाही. तरी लिहून ठेवलं. आणि बाजारात जाऊन बोंबील घेऊन आली.

त्यानंतर मी मुद्दाम शोधत गेलो. तसले खूप निघाले. मेंढरं नव्हती तिथे मेंढरं. दिवा नव्हता तिथे दिवा.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, रविवारी येते. आली, पिशवीतून डबा काढला, भाजी गरम करायला ठेवली. मी पुस्तक तिच्यासमोर उघडून ठेवलं.

"हे तुला माहीत होतं?"

तिने बघितलं. गॅस बारीक केला. म्हणाली, "हो."

"काय हो?"

"बाबा, आईला माहीत होतं. पहिल्यापासून. मला पण माहीत होतं. मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या खोलीतून सगळं ऐकू यायचं. तुम्ही एकदा लागोपाठ पाच दिवस 'भाकर' सांगितलं होतं."

"मग बोलली का नाही कधी? दोन शिव्या घालायच्या होत्या मला."

"मी म्हणलं होतं तिला. आई, ते तुला फसवतात. तर म्हणाली," आणि लेकीने कढईत चमचा फिरवला, "म्हणाली, तुझे बाबा न ऐकता बोलतात. म्हणजे तो शब्द त्यांचा नसतो. माझा पण नसतो. मग तो आला कुठून, ते मी दिवसभर बघत बसते."

"मासळी कुठून आली? दादूसकडून आली! टिंगल होती ती!"

"इट्स ओके, बाबा."

"काय ओके? वीस वर्षं तिला वेडी बनवली मी."

"वेडी नव्हती ती," लेक म्हणाली, जरा कडकच. "बसायचात ना तुम्ही? शेजारच्या काका-काकूंचा महिना महिना अबोला. तुम्ही रोज पाऊण तास तिच्यासमोर बसायचात. ती म्हणायची, बसतात ते पुरे."

लेकीला वाटलं मला यानं बरं वाटेल. मला नाही वाटलं. बसतात ते पुरे, हे माणूस केव्हा म्हणतो? जास्त मिळणार नाही हे कळल्यावर म्हणतो. तिने वीस वर्षं पुरे म्हणून काढली आणि एकदाच, शेवटी, जास्त मागितलं. तेव्हा मी चष्मा घरी ठेवला.

त्या दिवशी मी लेकीला चष्म्याचं सांगितलं. तिने भाजी वाढली. तिचं स्वतःचं ताट तसंच राहिलं.

वर्षाची प्रार्थना जवळ आली. आमच्यात वर्ष झालं की घरी उपासना करतात, मंडळीतले येतात, गाणी होतात, शास्त्र वाचतात, पाळकसाहेब चार शब्द बोलतात, मग जेवण. पाळकसाहेब तरुण आहेत, चांगले आहेत. ठरवायला घरी आले. कोणती गाणी, कोण प्रार्थना करणार, सगळं वहीत लिहून घेतलं. म्हणाले, "वाचन आपल्या सेक्रेटरींना देऊ. त्यांचा आवाज छान आहे."

"वाचन मी करणार," मी म्हणलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मंडळीत सगळ्यांना माहीत आहे माझं. गाण्याचं पुस्तक मी नुसतं हातात धरतो. म्हणाले, "बाबा, त्रास होईल तुम्हाला. भरून येतं अशा वेळी."

"भरून आलं तर थांबेन. पण वाचणार मीच."

त्यांनी वहीत लिहिलं. पेन जरा घुटमळलं, ते मला दिसलं.

उतारा कुठला हे सांगायला नकोच. त्या सहा ओळी. महिनाभर मी रोज त्याच घेऊन बसलो. झुडपाचं नाव होतं ते काही केल्या जिभेवर बसेना, असलं झाड आमच्याकडे नाही. एकदा पळस्प्याला गेलो, शेड आता दादूसच्या पुतण्याने टायरवाल्याला दिली आहे, पण दादूस अजून खुर्ची टाकून बसतो. त्याला म्हणलं, ऐक जरा. आणि ट्रकांच्या आवाजात त्याला वाचून दाखवलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "देवदूत सोता भाकरी भाजून आनला?"

"हो."

"कालवन?"

"कालवण नाय. भाकरी आणि पाणी."

"मंग तो परत झोपला त्यात नवल नाय." मग त्याने हातावर तंबाखू घेतली. मळता मळता म्हणाला, "तू वाचतंस तवा मदीच श्वास सोरतंस. गारी चढावर बंद परते तशी. दम धर जरा. परत वाच." मी परत वाचलं. त्याने मला पाच वेळा वाचायला लावलं, मास्तर असल्यासारखं, हातात तंबाखू तशीच धरून.

आणि आता एक लाजेची गोष्ट सांगतो, खरं सांगायला बसलोच आहे तर. वर्षाच्या प्रार्थनेला वाचून झाल्यावर कुठला शब्द सांगायचा, तेही मी ठरवून टाकलं. "ऊठ." चांगला होता. लोकांना पटला असता, पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी त्याच्यावर उपदेश केला असता. म्हणजे एवढं सगळं होऊनही माझी सवय गेली नव्हती.

तो दिवस आला. आमच्या दोन खोल्यांत पन्नास माणसं. बायका आत, पुरुष बाहेर, काही जिन्यावर. दादूस आला होता, पांढरा शर्ट घालून, दाराशी चपलांजवळ बसला, आत ये म्हणलं तर ऐकेना. दोन गाणी झाली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी खिशातून चष्मा काढला आणि लावला. लेक खाली बघायला लागली.

वाचायला लागलो. पहिल्या ओळीतच अडलो. बोट ठेवलं, अक्षर लावलं, पुढे गेलो. झुडपाशी आलो आणि ते नाव परत गेलं जिभेवरून. मंडळीतली एक म्हातारी हळूच सांगायला लागली. चांगल्या मनानेच. मी म्हणलं, "थांबा. मी वाचतो." किती वेळ गेला माहीत नाही. पंख्याचा आवाज येत होता. कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला. मी ते नाव लावलं आणि पुढे गेलो. सहा ओळी झाल्या.

पाळकसाहेब उभे राहिले. मी म्हणलं, "साहेब, अजून दोनदा आहे."

ते बसले. मी परत वाचलं. जिन्यावरची माणसं चुळबुळायला लागली, आत भात निवत होता, मला सगळं कळत होतं. समोरच्या खाटेवरची ती दोन माणसं पण कुठेतरी आहेत असं वाटत होतं, पण आता बघू देत म्हणलं. तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा जरा सरळ गेलं. दम पुरला.

मग मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि गप्प बसलो. रीत माहीत नसलेले इकडेतिकडे बघत होते. पोरं सुद्धा गप्प झाली. आतल्या दारातून लेकीने विचारलं, तिची आई विचारायची तसंच, आवाज न चढवता. "शब्द?"

"ऊठ" तयार होता. जिभेवर होता. मी तोंड उघडलं आणि तो सांगवेना. कारण मला खरंच काही लागलं नव्हतं. सहा ओळी तीनदा वाचल्या आणि आत काही हललं नाही. मी ऐकत होतो, या वेळी खरंच ऐकत होतो, आणि तिथे काही नव्हतं. देवदूत नव्हता, ती नव्हती. फक्त दमलो होतो.

"काही नाही," मी म्हणलं. "मला काही मिळालं नाही."

कुणीतरी सवयीने आमेन म्हणालं आणि मग गप्प झालं. पाळकसाहेबांनी उपदेश लिहून आणला होता, तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि नुसती प्रार्थना केली, लहानशी. मग पानं मांडली. माणसं जेवली. एकदोघं जाताना माझा हात धरून म्हणाले, चांगलं वाचलंत. मी म्हणलं, खोटं कशाला बोलता.

लेकीने काही विचारलं नाही. विचारायचं नाहीच, ती रीत आहे. भांडी घासली, ओटा पुसला, उरलेला भात डब्यात भरला आणि जायच्या आधी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचा तुकडा काढला नाही. तोच घेतला. आज इतके महिने झाले, तोच चालू आहे. झुडपाचं नाव आता सरळ येतं. वाचून झालं की समोरच्या भिंतीकडे बघून खरं ते सांगतो. बहुतेक दिवस "काही नाही" हेच सांगावं लागतं. एका सकाळी "पाणी" लागलं, खरंच लागलं, आणि मी तिथेच चटईवर आडवा पडून रडलो, कारण शेवटच्या दिवशी तिचे ओठ सुकले होते आणि नर्सने पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं.

पाळकसाहेब म्हणतात, ती ऐकत असेल, बाबा. असेलही. त्यांचं शिक्षण जास्त आहे. मला एवढंच माहीत आहे की त्या सहा ओळी मी आता शेकड्याने वाचल्या, एकट्याने, लोकांसमोर, ट्रकांच्या आवाजात. तिने मागितल्या होत्या एकदाच, त्या सकाळी, त्या खाटेवर. त्या एका वेळच्या अजून वाचायच्या राहिल्याच आहेत.